काटा वर येत नाही

‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न मराठी माणूस आयुष्यात किती वेळा विचारत असेल! शाळेत सरासरीची गणिते सोडवून पुढे आलेला हाच माणूस गाडीजवळ पोचला की ‘सरासरी’ हा शब्द विसरतो. ‘तुमच्या गाडीची सरासरी काय?’ असे विचारणारा गृहस्थ आम्हांला अद्याप भेटलेला नाही. आणि आम्ही दोघेही, पती आणि पत्नी, मराठीचेच अध्यापक असल्यामुळे अशा गृहस्थाची वाट पाहत असतो. गाडी ॲव्हरेज ‘देते’, डिझेल ‘खाते’, पाणी ‘पिते’, चढावर दम ‘टाकते’. ही सारी क्रियापदे गोठ्यातली आहेत. बैल गेला, इंजिन आले, पण क्रियापदे दावणीला तशीच बांधलेली राहिली.

‘पिकअप’ची गंमत आणखी वेगळी. हा शब्द मराठीत मागे उघडा हौदा असलेल्या मालवाहू गाडीचे नाव आहे, आणि वेग झटकन घेण्याच्या गुणाचेही. त्यामुळे ‘पिकअपला पिकअप नाही’ हे वाक्य कामठीत रोज बोलले जाते आणि कुणालाही ते विचित्र वाटत नाही. ‘टेम्पो’ हा तर हॅम्बुर्गच्या एका कारखान्याच्या तीनचाकी गाडीचा छाप. १९५८ साली न. के. फिरोदिया यांनी बजाज टेम्पो ही कंपनी काढली आणि ते विशेषनाम मराठीत सामान्यनाम होऊन बसले. २००५ साली कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स असे केले, तरी ‘टेम्पो करून सामान आणले’ हे वाक्य काही बदलले नाही. त्याच वर्षी आलेल्या टाटांच्या ‘एस’ला लोकांनी ‘छोटा हत्ती’ म्हटले. म्हणजे पुन्हा जनावरच.

एरवी हा शब्दांचा खेळ आम्ही वर्गात दहा मिनिटे खेळून सोडून दिला असता. पण यांतल्याच एका शब्दापायी आमच्या घरात एका माणसावर अन्याय झाला आहे, आणि तो करताना आमच्या वाचनाचा, म्हणजे ज्या कौशल्यावर आम्ही पगार घेतो त्याचाच, हात होता. त्याची ही हकिकत.

*

आमच्या घरी ज्यांना सगळे आबा म्हणत, ते सातवी शिकलेले होते. कन्हान नदीच्या काठच्या गावांमधून भाजीपाला उचलायचा आणि पहाटे नागपूरच्या कळमना बाजारात पोचवायचा, हा त्यांचा व्यवसाय. आधी ते भाड्याच्या गाड्या करीत. २००५ साली त्यांनी कर्ज काढून स्वतःची डिझेल पिकअप घेतली. कोणत्या कंपनीची, याला इथे महत्त्व नाही. जुन्या धाटणीचे इंजिन, यांत्रिक पंप, एकही संगणक नाही, आणि चालकाच्या समोर तीन काटे : एक वेगाचा, एक डिझेलचा आणि एक इंजिनातल्या पाण्याच्या तापमानाचा.

गाडीबरोबर वहीही आली. लांबट, लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात उधारीसाठी वापरतात तशी. आबांनी तिच्यात रकाने आखले होते : तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, आणि शेवटी अगदी अरुंद असा ‘शेरा’. दर वेळी टाकी काठोकाठ भरायची, मागच्या वेळी भरली तेव्हापासूनचे किलोमीटर मोजायचे, आणि त्यांना आता लागलेल्या लिटरने भागायचे. ॲव्हरेज काढण्याची याहून खात्रीची घरगुती रीत आजही नाही. आबा कधी भागाकार चुकले नाहीत. पहिली सहासात वर्षे त्या वहीत एकच आकडा थोडा इकडे-तिकडे होत राहिला. भरल्या गाडीला, लिटरमागे १२ किलोमीटर.

गाडी चालवणारा माणूस २००६ पासून आमच्याकडे होता. आम्ही त्याला भाऊ म्हणत असू. तो आबांना आबाजी आणि आम्हांला सर, मॅडम म्हणे. पहाटे तीनला तो गाडी काढी. थंडीत कामठीच्या छावणीकडून येणारा रस्ता धुक्यात बुडालेला असे आणि आम्ही रजईत असताना त्या इंजिनाची सुरुवातीची खडखड ऐकू येई. त्या आवाजाने कूस बदलायची आम्हांला सवय झाली होती.

*

सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने डिझेल एकदम लिटरमागे पाच रुपयांनी महाग केले. पुढच्या जानेवारीत तेल कंपन्यांना दर महिन्याला थोडी थोडी वाढ करण्याची मुभा मिळाली. (ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर पूर्णपणे नियंत्रणमुक्त झाले.) ज्याचा सारा धंदा दहा-पंधरा किलोमीटरच्या फेऱ्यांवर चालतो, त्याच्या घरात अशा बातम्यांनी जेवणाच्या पाटावर शांतता पसरते. त्या हिवाळ्यात आबा वही घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, ‘‘जरा पाहा. काहीतरी गळून राहिलं.’’

आम्ही पाहिले, आणि अगदी हौसेने पाहिले. त्या सुमारास घरी नवा संगणक आला होता. वहीतले आकडे आम्ही तक्त्यात भरले आणि सप्टेंबर ते जानेवारी असा आलेख काढला. सप्टेंबरात ११.९, ऑक्टोबरात ११.७, नोव्हेंबरात ११.२, डिसेंबरात १०.७, जानेवारीत १०.५. महिन्याचे साधारण १५०० किलोमीटर धरले, तर बाराच्या हिशेबाने १२५ लिटर लागायला हवे होते. जानेवारीत लागले जवळपास १४३. अठरा लिटरची तूट, म्हणजे त्या वेळच्या भावाने नऊएकशे रुपये.

आलेखाची रेघ महिन्यामागून महिना खाली उतरत होती आणि ती रेघ आम्हांला एका गोष्टीसारखी वाचता आली. डिझेल महाग झाले, मोह वाढला, आधी थोडे काढले, कुणाच्या लक्षात आले नाही, मग जरा जास्त. धीट होत जाणाऱ्या चोराचे चित्रच ते. कथानक आमच्या हाती लागले होते आणि कथानक हाती लागले की वाचकाचे काय होते, हे आम्ही विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत आलो आहोत. त्याला मग सगळे त्याच कथानकाचे पुरावे दिसू लागतात.

आम्हांलाही दिसला. वहीच्या अरुंद रकान्यात डिसेंबरच्या एका तारखेसमोर आबांचा शेरा होता : ‘काटा वर येत नाही म्हणतो.’ म्हणतो, म्हणजे भाऊ म्हणतो. आम्ही एकमेकांकडे पाहिले. टाकी भरली तरी डिझेलचा काटा वर येत नाही, असे हा माणूस आधीच सांगून ठेवतो आहे! उद्या कुणी विचारलेच, तर काट्यावर ढकलता यावे म्हणून केलेली ही तजवीज. ‘म्हणतो’ या क्रियापदात आबांचाही अविश्वास आम्हांला ऐकू आला.

तक्ता छापून आम्ही आबांच्या हातात दिला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणता तर असंल.’’ फेब्रुवारीच्या पगारातून नऊशे रुपये कापले गेले. भाऊने कारण विचारले तेव्हा तक्ता त्याच्यापुढे आम्हीच धरला. त्याने त्यावर नजर टाकली, कागद न घेता आबांकडे पाहिले, आणि एवढेच म्हणाला, ‘‘आबाजी, मी तं तुम्हाला सांगितलं होतं.’’ महिना संपला आणि तो आला नाही.

मार्चमध्ये नवा चालक ठेवला. त्या महिन्यात ॲव्हरेज ११.५ झाला, एप्रिलमध्ये ११.९, मेमध्ये पुन्हा १२. यापेक्षा आणखी काय सिद्ध व्हायचे होते? आम्ही तक्ता बंद केला. त्यानंतर आमच्यापुढे उजळणी वर्ग होते, शोधनिबंध होते, परीक्षेचे गठ्ठे होते. वहीकडे आम्ही पुन्हा पाहिले नाही. आबा मात्र दर भरणीला ती भरत राहिले.

*

आबा २०१८ मध्ये गेले. गाडी कुणी ना कुणी भाड्याने चालवत राहिले. २०२० च्या टाळेबंदीत ती अंगणात कडुनिंबाखाली उभी होती आणि तिच्या हौद्यात निंबोळ्या साचल्या होत्या. २०२१ च्या अखेरीस प्रश्न आला तो असा : गाडी भंगारात काढायची, की खर्च करून फिटनेसला न्यायची? केंद्र सरकारने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या वाहनांचे भंगार धोरण जाहीर केले होते आणि सोळा वर्षांच्या डिझेल गाडीकडे लोक आजारी म्हाताऱ्याकडे पाहावे तसे पाहत होते. निर्णयाआधी इंजिन एकदा पाहून घ्यावे, म्हणून आम्ही ती कामठी रोडवरच्या एका वयस्क मेकॅनिककडे नेली. आता त्याच रस्त्यावर ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो धावते आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून दुमजली उड्डाणपूलही आहे; त्या वेळी तिथे खांब, धूळ आणि वळसे होते.

मेकॅनिकने आधी धूर पाहिला, एअर फिल्टर काढून आपटला, चाके उचलून हाताने फिरवून पाहिली. ब्रेक घासत असला तर इंजिनाची अर्धी मेहनत ड्रममध्येच जाते, असे तो म्हणाला. मग त्याने इंजिनाच्या डोक्यावरचे, रेडिएटरकडे पाण्याचा पाइप जातो तिथले, एक छोटे झाकण उघडले आणि बोट आत घातले. बोट सरळ आत गेले.

‘‘इथं वॉल्वच नाही,’’ तो म्हणाला. ‘‘कोणी काढून फेकला. थंडीत गाडी डिझेल खात असंल न? काटा वर येत नसंल?’’

आम्ही दोघे तिथे, ऑइलच्या डागांनी काळ्या पडलेल्या त्या जमिनीवर, काही वेळ नुसते उभे राहिलो.

*

ज्या वाचकांना इंजिनाशी कर्तव्य नाही, त्यांनीही पुढचा परिच्छेद सोडू नये, अशी विनंती आहे. कारण सारी गोष्ट त्यातच आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा मूळ आकारमानाच्या सोळा ते बावीस पट दाबायची, ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापल्या हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा फवारा मारायचा. तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्ग इथे आपले इंजिन चाचणीत उतरवले, तेव्हा इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला लागली होती आणि त्या काळच्या वाफेच्या यंत्रांपुढे तो चमत्कार होता. आजही साध्या पिकअपच्या इंजिनात डिझेलमधल्या ऊर्जेचा फार तर तिसरा-चौथा हिस्सा चाकांच्या वाट्याला येतो. बाकीची धुराड्यातून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे इंजिनाला थंड करावे लागते हे खरे. पण फार थंड करून चालत नाही. सिलिंडरच्या भिंती गार असल्या, की फवारा नीट पेटत नाही, काही इंधन अर्धे जळून पांढऱ्या धुरात जाते. ऑइल घट्ट राहते आणि इंजिनाची शक्ती स्वतःच्याच अंगाशी झुंजण्यात खर्च होते. म्हणून पाण्याच्या वाटेवर एक दारवान बसवलेला असतो. थर्मोस्टॅट. एक पितळी डबी, तिच्यात चिमूटभर मेण. इंजिन गार असेपर्यंत दार बंद राहते आणि पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरून लवकर तापते. ऐंशी अंशांच्या आसपास मेण वितळते, फुगते, दार उघडते, आणि मग पाणी रेडिएटरकडे जाते.

आमच्या विदर्भात या दारवानाचे आणि मेकॅनिकांचे जुने वैर आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस ओलांडतो, गाडी उकळते, आणि पहिला संशय दारावर जातो : दार उघडत नसेल, काढून टाका. खरे कारण पुष्कळदा वेगळेच असते. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी घातलेले असते, त्याच्या क्षारांनी नळ्या बुजलेल्या असतात. दारवान काढल्याने उन्हाळ्यात थोडा दिलासा मिळाल्यासारखे वाटते. पण हिवाळ्यात पहाटे तीनला, कामठी ते कळमना एवढ्याशा अंतरात, ते इंजिन बाजार येईपर्यंत धड तापतच नाही. रेडिएटरचे सगळे गार पाणी त्याच्या अंगावर पहिल्या क्षणापासून ओतले जात असते. थंडी जितकी जास्त, तितका ॲव्हरेज कमी.

नव्या गाड्यांत असे झाले, तर संगणकाच्या ते लक्षात येते आणि समोर दिवा लागतो. जुन्या गाडीत ही बातमी देणारा एकच असतो : काट्याकडे पाहणारा आणि मालकाला येऊन सांगणारा चालक.

*

त्या रात्री आम्ही वह्या काढल्या. आता काय शोधायचे ते माहीत होते, म्हणून ते लगेच सापडले. मे २०१२, शेऱ्याच्या रकान्यात : ‘गाडी उकळली. वॉल्व काढला.’ आम्ही तक्ता सप्टेंबरपासून सुरू केला होता, कारण आमच्या लेखी गोष्ट डिझेलच्या भाववाढीपासून सुरू होत होती. सुरुवात कुठून धरायची हे ठरवले, की अर्धा निकाल तिथेच लागतो. मे महिन्याचे पान आम्ही उलटलेच नव्हते.

मग डिसेंबरचा तो शेरा. ‘काटा वर येत नाही म्हणतो.’ वाक्य तेच, अक्षर तेच. पण गाडीत काटे तीन होते आणि आम्ही त्यांतला एक न विचारता निवडला होता. भाऊ पाण्याच्या काट्याबद्दल सांगत होता. ज्याला आम्ही चोराची आगाऊ सबब म्हटले, ती त्या गाडीच्या बिघाडाची एकमेव अचूक नोंद होती. आणि ‘म्हणतो’मध्ये अविश्वास नव्हता, आबा फक्त बोलणाऱ्याचे बोलणे त्याच्या नावावर टिपून ठेवत होते, प्रामाणिक लेखनिकासारखे. आबांना त्याचा अर्थ लागला नसावा. इंजिन गार राहते, हे ऐकून विदर्भातला कोणता गाडीमालक काळजी करील?

खाली उतरत गेलेली ती रेघही आता वेगळी दिसली. सप्टेंबर ते जानेवारी ती चोराच्या धिटाईची नव्हती, नागपूरच्या थंडीची होती. मार्च ते मे वर चढली, तेव्हा नवा चालक प्रामाणिक निघाला नव्हता. ऊन वाढले होते. आम्ही पुढची पाने पाहिली. नोव्हेंबर २०१३ : ११.१. डिसेंबर : १०.६. जानेवारी २०१४ : १०.४. नवा माणूस, तोच उतार. त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात तेच. आमच्या निकालाचे खंडन त्या वहीत दरवर्षी लिहिले जात होते, आणि ती वही आमच्याच घरात, देवघराच्या फडताळात होती.

भाऊने सात वर्षांत एक थेंबही काढला नसेल, असे काही वही सिद्ध करीत नाही. तसे कोणतीच वही कुणाविषयी सिद्ध करीत नाही. पण अठरा लिटरच्या तुटीसाठी चोराची गरज नव्हती, एवढे ती स्पष्ट सांगत होती.

इथे आम्हांला शब्दकोशाकडे जाण्याचा मोह आवरला नाही. तो आमचा व्यवसायच. ‘सरासरी’ आपल्याकडे फारसीतून आला. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. टोके सोडून मधलेच चार महिने घेतले, तर ती सरासरी नव्हे, हे त्या शब्दातच आहे. आणि ‘ॲव्हरेज’ची कथा तर याहून बोलकी. त्याचे मूळ अरबी ‘अवार’ या शब्दापर्यंत नेतात. अर्थ, मालाचे नुकसान. भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांमार्फत तो इटालियनमध्ये आणि फ्रेंचमध्ये गेला. वादळात जहाज वाचवण्यासाठी कुणाचा तरी माल समुद्रात फेकावा लागे. तो तोटा एकट्याच्या माथी मारायचा नाही, ज्यांचा ज्यांचा माल जहाजावर आहे त्या सर्वांनी आपापल्या हिश्श्याप्रमाणे वाटून घ्यायचा, या व्यवस्थेचे ते नाव होते. सागरी कायद्यात ती व्यवस्था आजही आहे. गणितातली सरासरी हा त्या शब्दाचा नंतरचा अर्थ.

म्हणजे ज्या शब्दाचा जुना अर्थ ‘नुकसान वाटून घेणे’ असा आहे, तोच शब्द हाती घेऊन आम्ही सगळे नुकसान गाडीवरच्या सर्वांत गरीब माणसाच्या पगारातून कापले होते.

*

जानेवारी २०२२ मध्ये, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही दोघे भाऊकडे गेलो. तो कन्हानच्या पलीकडे राहतो. गाडी चालवणे त्याने डोळ्यांमुळे सोडले आहे. मुलाच्या भाजीच्या दुकानावर बसतो. आम्हांला पाहून तो उठला, खुर्च्या पुसल्या. सुनेने तिळगूळ आणला. आम्ही पाठ करून नेलेली वाक्ये त्या तिळगुळासमोर काही केल्या जुळेनात. शेवटी मेकॅनिकने उघडलेल्या झाकणापासून सुरुवात केली.

तो ऐकत होता. आमचे संपले तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘‘मग आता बसवला का वॉल्व?’’

बसवला, म्हणालो. रेडिएटरही साफ करून घेतला, आता कूलंट घालतो.

‘‘मंग ठीक आहे. चांगली गाडी होती ते. थंडीत काटा वर येऊनच नाही राहिला, हे मी आबाजीले दोनदा सांगितलं होतं.’’

आम्ही पाकीट पुढे केले. नऊशे रुपये आणि त्यावर काही. त्याने त्याला हात लावला नाही.

‘‘नऊशे तं आबाजीनं देले होते,’’ तो म्हणाला. ‘‘मी सोडल्यावर पुढच्या संक्रांतीले आले होते घरी. इथंच बसले. पैसे ठेवले, चहा पेला, गेले. काही बोलले नाही जी.’’

पुढची संक्रांत म्हणजे जानेवारी २०१४. नव्या चालकाचा पहिला हिवाळा. वहीत १०.६ लिहून झाले होते, १०.४ लिहायचे होते. सातवी शिकलेल्या माणसाने थर्मोस्टॅटचे नावही न ऐकता, आपल्याच हाताने भरलेले दोन हिवाळे शेजारी ठेवून पाहिले असणार. माणूस बदलला, आकडा बदलला नाही. एवढे त्यांना पुरले. ते एकटेच कन्हान ओलांडून गेले आणि परत येऊन आम्हांला काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आम्ही त्या महिन्याचे पान काढले. किलोमीटर, लिटर, रुपये सगळे होते. शेऱ्याचा रकाना कोरा होता.

तो कोरा रकाना आम्हांला अजून वाचता आलेला नाही. त्यांनी आम्हांला सांभाळून घेतले, की सांगून उपयोग नाही असे त्यांना वाटले, याचा निर्णय आम्ही दोघे करू शकत नाही. आणि आमच्यातही त्याबाबत एकमत नाही. वर्गात एखाद्या कथेतल्या मौनावर आम्ही तासभर बोलू शकतो. या मौनावर आम्ही आजवर घरात पाच मिनिटेही धड बोललेलो नाही.

गाडी भंगारात काढली नाही. नोझल तपासून घेतले, टॅपेट बसवले, टायरांत हवा दर आठवड्याला पाहतो. २०२२ च्या डिसेंबरात ॲव्हरेज ११.८ होता. हे कौतुकाने सांगत नाही. जुने इंजिन कितीही जपले, तरी त्याचा धूर नव्या, भारत स्टेज सहाच्या इंजिनापेक्षा वाईटच, आणि तो कुणाच्या तरी छातीत जातो. एक दिवस तिला थांबवावे लागेल, हे आम्हांला ठाऊक आहे. पण तो निर्णय या वेळी आम्ही दोघांनीच तक्ता काढून घेणार नाही. गाडीवर आता जो मुलगा आहे, त्याला विचारून घेऊ.

वही अजून चालू आहे. तिच्यात आम्ही एकच बदल केला. रकाने नव्याने आखताना शेऱ्याचा रकाना रुंद केला, आणि त्याच्या आधी आणखी एक वाढवला : ‘पाण्याचा काटा’. तो आम्ही भरत नाही. गाडी चालवणारा भरतो, त्याच्या अक्षरात.